गोठलेल्या तळ्यावरचा हॉकीवाला

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याजवळ खडी फोडायच्या कामावर मी हजेरी घ्यायचो. तिथला एक माजी सैनिक फोडलेली खडी हातानं उचलत नसे; कमरेत वाकून काठीनं ढिगाकडे सरकवायचा. लडाखला पलटणीनं त्याला हॉकी खेळायलाच ठेवलं होतं, गोठलेल्या तळ्यावर.

"पान्यावर पळायचो आमी," तो सांगायचा. बाया हसायच्या, मीही हसायचो. मग एकदा त्यानं चप्पल काढली. बर्फानं झडून पायाला दोनच बोटं उरली होती.

टँकर तिसऱ्या दिवशीही आला नाही. एका म्हातारीनं ओठ चाटत विचारलं, "लेका, त्या तळ्यात पानी किती हुतं रं?"

त्यानं काठी खाली ठेवली.

"तळं नव्हतंच, आई. थापा मारायचो मी."