ताऱ्यांचा वारा अभ्यासणारं स्थळ

माझं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं. ओझरच्या विमान कारखान्यात कायम नोकरी आहे म्हणणारा तो मुलगा कारखान्याच्या फाटकाच्या आतही कधी गेला नव्हता. माझे काका तिथेच कामाला, त्यांनीच ते शोधून काढलं. तेव्हापासून आमच्या सिडकोतल्या घरात येणारं प्रत्येक स्थळ लबाडच, असं धरूनच चहा टाकला जाई. मीही त्यात मागे नव्हते.

नव्वदचं दशक संपत आलं असताना एक मुलगा आई-वडिलांबरोबर बघायला आला. म्हणाला, पुण्यात संशोधन करतो, ताऱ्यांच्या वाऱ्यावर. माझ्या वडिलांना वाटलं, ज्योतिषी दिसतोय. काकांचा चेहरा मात्र खुलला. सापडला होता चोर.

"अवकाशात हवाच नाही, मग वारा कुठला हो?"

"हवेचा नाही, काका. ताऱ्याच्याच वायूचा. तारा खूप मोठा आणि भयंकर तापलेला असला, की त्याचा प्रकाशच त्याच्या अंगावरचा वायू बाहेर ढकलतो, सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने. तो भोवतीच्या तेजोमेघावर आदळतो, तिथला वायू, धूळ रेटत नेतो. मध्ये पोकळी होते, कडेला कवच साचतं." त्याने बशीतल्या पोह्यांवरचं खोबरं मधून कडेला सारून दाखवलं.

पाठांतर झकास होतं. असली झकास उत्तरं मी आधीही ऐकली होती, माझं डोकं फिरलं. मुलीने प्रश्न विचारायची पद्धत नव्हती, तरी विचारलं, "पण ती पोकळी याच ताऱ्याने केली कशावरून? आधीचा एखादा असेल, संपून गेला असेल."

त्याचं बोट बशीतच थांबलं. त्याची आई पदर सावरत माझ्याकडे बघायला लागली.

"मी ज्या तेजोमेघावर काम करतोय, त्याचं हेच अडलंय," तो म्हणाला. "मला माहीत नाही. आतापर्यंतचं माझं सगळं काम चुकलेलंही असू शकतं."

मंडळी गेल्यावर काका खूश. "पकडला की नाही पोरीने बरोबर?" वडील नकार कळवायला फोनकडे निघाले.

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "ज्याला फसवायचंय, तो स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत 'माझं काम चुकलेलं असेल' असं कशाला सांगेल? होकार कळवा."

काका तरीही पुण्याला जाऊन चौकशी करून आले. मीच पाठवलं होतं.