थोरल्या जावयाचं विमान

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि सुटा! कारण हा किस्सा आठवला की आजही मला खुर्चीत धड बसवत नाही.

तसा मी मुळात बसणाऱ्यातला नाहीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं वर्कशॉप. लेथ चालू असला तर मी इकडे, बंद पडला तर मी तिकडे, पण एका जागी कधी नाही. असा हा माणूस जर्मनीला मशिनरीचं प्रदर्शन बघायला निघाला. आणि तिकीट काढल्यावर कळलं, की मी परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मलकापूरला मेव्हणीचं लग्न!

बायको म्हणाली, "या खेपंला जाऊ नका."

"आगं, आदल्या दिवशी घरात असतोय की! विमान हाय ते. भरंपर्यंत थांबायला काय वडाप जीप हाय?"

तेवढ्यात आई देवघरातून आली आणि जोतिबाच्या गुलालाची पुडी माझ्या खिशात कोंबली. "बसायच्या आधी लावत जा रं," म्हणाली. आमच्याकडं ट्रॅक्टर घ्या, मोटारसायकल घ्या, त्याशिवाय चाक हलत नाही.

प्रदर्शन झकास झालं. परतीच्या दिवशी विमानात शिरताना, आईनं सांगितलेलं सगळं दाराशी रीतसर उरकलं, जाताना मुंबईत उरकलं होतं तसंच. हवाईसुंदरी कुणाच्या तरी पिशव्या वर चढवण्यात गुंतलेली. मी मनात चांगभलं म्हटलं आणि पट्टा बांधून बसलो.

विमान काही हलेना! मी घड्याळ बघतोय, मान उंच करतोय. पुढं दाराजवळ हवाईसुंदऱ्या घोळका करून कुजबुजायला लागल्या. मग घोषणा. सगळ्यांनी खाली उतरा, सुरक्षेचं कारण आहे. कसलं कारण? ते काही सांगेनात.

आम्हाला एका हॉलमध्ये नेऊन सोडलं. काचेतून बघतो तर काय, अंगभर पांढरे झगे घातलेली माणसं विमानाचं दार ब्रशनं हळूहळू पुसतायत!

माझं डोकंच सटकलं. "बघा यांची कामं! पावण्यांस्नी उतरवून आता विमान पुसायला काढलंय! काल काय हात मोडलंते?"

शेजारी पुण्याचे एक गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, "इथे युरोपात नवा कायदा झालाय. विमान रद्द केलं तर कंपनीनं प्रवाशांना भरपाई द्यायची. फक्त कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असलं, तर नाही."

"हाताबाहेरचं कशाचं? ब्रश त्यांच्याच हातात हाय की!" मी म्हणालो.

विमान रद्दच झालं. खायला-प्यायला दिलं, झोपायला हॉटेल दिलं. पण मला घास उतरेना. रात्रभर त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या विमानानं मुंबईला आलो, मुंबईहून गाडी पळवली, तोपर्यंत मलकापुरात अक्षता पडून मांडवसुद्धा उतरला होता. थोरल्या जावयाचा फेटा माझी वाट बघत खुर्चीवर एकटाच बसला होता म्हणे!

बायकोनं अबोला धरला. साधासुधा नाही! मी समोर बसलेला असलो तरी आईला सांगायची, "त्यांना सांगा, ताट वाढलंय." तिची पक्की समजूत, की मी मशिनी बघण्यात रमलो आणि विमान चुकवलं. सासरे आण्णा तर मला 'जर्मनीचं पावणं' म्हणायला लागले.

आता सांगा, माझी काय चूक होती? मला वाईट वाटायचं हो, मनापासून! म्हणून मी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसमागं लागलो. भरपाई गेली खड्ड्यात. कंपनीनं फक्त एकदा म्हणायचं, "चूक आमची!" तेही बायकोच्या कानावर पडेल असं. इतके फोन केले, की तिथली पोरगी माझ्या नुसत्या 'हॅलो'वर ओळखायला लागली.

शेवटी निरोप आला, की रविवारी साहेब स्वतः फोन करतील. झालं! मी आण्णांना मलकापूरहून बोलावून घेतलं. कोचावर आण्णा, आई आणि बायको. टीपॉयवर फोन, स्पीकर चालू. आणि मी? मी उभाच.

साहेब मराठी निघाले. म्हणाले, "तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटतं. पण विमान एका प्रवाशामुळे रद्द झालं."

"ऐकलं?" मी बायकोकडं बघून ओरडलो. "कोण त्यो नालायक? नाव सांगा साहेब! माझ्या बायकोच्या बहिणीचं लगीन बुडवलं त्यानं! कोल्हापुरी हिसका दावतो त्याला!"

आण्णांनीसुद्धा मान हलवली. बायकोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा माया दिसली. मला तर वाटलं, जिंकलो!

"नाव कळलेलं नाही," साहेब म्हणाले. "पण चढताना कुणीतरी विमानाच्या दाराला गुलाबी पावडरीची बोटं ओढली होती. पावडर विषारी आहे की काय, ते तपासेपर्यंत विमान सोडता येईना. त्यामुळे ही कंपनीची चूक धरता येत नाही."

मी घाईघाईनं फोन बंद करायला हात पुढं केला. पण आमची आई माझ्यापेक्षा चपळ. फोनवर ओणवी होऊन आनंदानं ओरडली, "आवो साहेब, त्यो आमच्या जोतिबाचा गुलाल! विषारी न्हवं त्यो! मीच दिलती पुडी, माझ्या पोरानंच लावलाय!"

पलीकडं मग साहेबांनी घसा खाकरला. "मग… ही तक्रार पुढे चालवायची का?"

मी फोन ठेवला आणि त्या घरात पहिल्यांदाच मुकाट्यानं खुर्चीत बसलो.

आणि इतक्या दिवसांनी बायको थेट माझ्याशी बोलली. "माझ्या बहिणीवर अक्षता टाकायच्या सोडून, विमानावर गुलाल टाकून आलासा व्हय?"

अबोला सुटला मंडळी! असा सुटला, की तेव्हापासून ती बोलतीया आणि मी आपला आईला सांगतोय, "तिला सांग, ऐकतोय म्हणून."