व्याह्यांचा अडलेला घास

आमच्या व्याह्यांनी एकदा ठरवलेली गोष्ट बदलण्याची ताकद अख्ख्या आंदर मावळात कुणाकडे नाही. त्यांच्या गावची सकाळी सातची गाडी बंद होऊन कैक वर्षं झाली, पण हे सातला फाट्यावर जाऊन उभे राहतात, पाव तास वाट पाहतात, गाडीला दोन शिव्या हासडतात आणि मग पायी निघतात. "आज न्हाई आली," असं ते रोज नव्यानं सांगतात. माझी लेक त्यांच्या घरात दिली तेव्हा पहिल्याच जेवणात त्यांनी मला पाच वेळा इंद्रायणीचा भात वाढला. सहाव्यांदा मी ताटावर आडवा हात धरला, तर त्यांनी हातावर वाढला. भात वाफाळता होता. आम्ही पडलो मुलीकडचे, मी हसून साजरं केलं.

पुढे त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि विहीणबाईंनी आपली एक दिली. डॉक्टरांनी समजावलं, की शरीर दुसऱ्याचा अवयव परका मानून त्याच्यावर उठतं, म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. व्याही भडकले. "चाळीस वर्सं नांदती ही माज्याबरुबर, आन् माज्या आंगाला आजून तिची वळख पटंना व्हय?" पण गोळ्या त्यांनी व्रतासारख्या धरल्या. सकाळी आठ, रात्री आठ, मिनिटाचा फरक नाही. एका साखरपुड्यात आठ वाजले तेव्हा भाषणाला उभ्या राहिलेल्या पाहुण्याच्या हातातला पाण्याचा पेला त्यांनी काढून घेतला, गोळ्या गिळल्या, रिकामा पेला परत दिला आणि "हां, चालू द्या" म्हणाले.

गेल्या थंडीत पुण्याला तपासणीसाठी जायचं म्हणून दोघं आदल्या दिवशी आमच्याकडे तळेगावला उतरली. माझ्या बायकोनं साधा वरणभात केला होता. व्याह्यांनी घास घेतला, वर पाणी प्यायले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मिरची लागली," ते म्हणाले. वरणात मिरची नव्हती. ही बिचारी उगाच स्वतःचं वरण पुन्हा चाखून आली.

आठ वाजता मी मागच्या खोलीत गेलो, तर व्याही दाराची चौकट धरून उभे. एक गोळी तोंडात टाकायची, डोळे मिटायचे, गिळायचं आणि चौकटीवर बुक्की मारायची. अशा सात गोळ्या, सात बुक्क्या. मी विचारलं, तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"कुटं बोलू नका, इवाई. तीन हप्ते झाले. घास काळजापाशी आडतो, आन् मग निखारा गिळल्यागत हुतं. जेष्ठमध चघळून बघितला, तूप पिऊन बघितलं."

"अहो, मग डॉक्टरांना सांगा की!"

"सांगितलं तर त्यो गोळ्या कमी करंल. आन् हिची किडनी गेली तर? पोट फाडून दिलीया तिनं. माज्या घशाचं काय, जळू द्या."

मी शब्द दिला आणि रात्रभरात मोडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो आणि डॉक्टरांसमोर सगळं ओकलो. व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लेक परत पाठवतात की काय असं वाटलं. विहीणबाई पिशवीचे बंद घट्ट धरून बसल्या.

दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिकेला बुरशीचा संसर्ग होऊन ती आतून सुजली होती. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला असं होऊ शकतं, औषधानं बरं होतं, डॉक्टर म्हणाले. पण त्या औषधानं किडनीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ती गोळी काही दिवस कमी करायची आणि रक्त तपासत राहायचं.

"कमी" हा शब्द ऐकताच व्याही उठले. "चला घरी."

विहीणबाईंनी सदरा धरून त्यांना खाली ओढलं. "आवं, किडनी कुनाची हाय?"

"तुजी."

"मग मी सांगते. डाक्टर, कमी करा." आणि मग एवढ्या लोकांत त्यांचा आवाज फुटला. "उपाशी मरायला दिली व्हय मी तुमाला?"

व्याही बसले. पुढचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

महिन्याभरानं आम्ही नवराबायको त्यांच्या गावी गेलो. किडनीचा रिपोर्ट उत्तम होता. व्याही जेवायला बसले, तर विहीणबाई भाकरी थापायची सोडून त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

"आडला?"

"न्हाई."

"खरं?"

"तुज्या किडनीची आन."

शब्द मोडल्याच्या रागानं आता मला ते दोनच वेळा भात वाढतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण त्या दिवशी त्या दोघांचा हेवा वाटला, हे कबूल करतो. परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता मी हिला विचारलं, "तुझं कुठे काही दुखतं का गं?"

"आज काय झालं तुम्हाला?" ती हसली आणि वडगाव येईपर्यंत बाहेरची शेतं बघत राहिली. मग म्हणाली, "उजवा गुडघा. दिवाळीपासून."