बासरी संपल्यावर थांबणारी गाडी

आमच्या मायांडीला कुणी ड्रायव्हर म्हटलं की मला हसू यायचं. गाणी चालवायचा तो. गाडी आपली त्यांच्या मागोमाग यायची.

वत्तलगुंडू ते मदुरै या खाजगी गाडीवर कंडक्टर म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं. तेवढ्या काळात आमच्या गाडीत संगीतकार चोक्कलिंगम सोडून दुसऱ्या कुणाचं गाणं वाजलं नाही. पहाटे निघताना देवीचं, निलकोट्टै सोडलं की झोपाळ्याचं, आणि करट्टुपट्टी जवळ आली की अंगाई. त्या अंगाईच्या मधोमध एक लांबलचक बासरी होती, आणि बासरी चालू असताना ब्रेक दाबणं मायांडीला पाप वाटायचं. शिट्ट्या मारून माझी गालफडं दुखायची. करट्टुपट्टीचा थांबा चिंचेखाली, आणि गाडी थांबायची पार पुढे, मुत्तैयाच्या पंपघरापाशी. लोक आधी भांडले, मग शिव्या देत मागे चालत गेले, आणि शेवटी सगळं गावच पंपघरापाशी येऊन उभं राहायला लागलं. चिंचेखाली उरली ती सरकारी पाटी आणि रवंथ करणारी एक बकरी.

हॉर्नसुद्धा त्यानं मेकॅनिकच्या मागे लागून अंगाईच्या सुरात लावून घेतला होता. तो इतका गोड वाजायचा की म्हशी बाजूला व्हायचं सोडून गाडीजवळ यायच्या. एकदा चोक्कलिंगम मदुरैला आला होता. मी म्हटलं, चल, बघून तरी येऊ. मायांडी म्हणाला, देवच समोर येऊन उभा राहिला तर नवस कुणाला बोलायचा? आणि टायर बघायला निघून गेला.

तेव्हा लोक रिकाम्या गाड्या सोडून आमच्या दारात लोंबकळायचे. पण दिवस फिरायचे ते फिरलेच. नवे संगीतकार आले. दुसऱ्या एका मालकानं निळे दिवे आणि छाती हादरवणारे स्पीकर लावलेली गाडी आणली, आणि कॉलेजची पोरं तिकडे वळली. आमच्या गाडीला ती शववाहिनी म्हणायची. चोक्कलिंगमला सिनेमे मिळेनासे झाले, चहावालेसुद्धा त्याला विसरले. उरल्या फक्त मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका. त्यांची पुढारी पेच्चियम्मा. ड्रायव्हरच्या मागची जागा तिची. तिथे साक्षात देव बसला असता तरी तिनं उठवला असता. आमचे मालक सेल्वनायगम म्हणाले, गाणी बदल. मायांडीनं मुकाट्यानं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्या म्हाताऱ्या गाडीचा गिअर दुसऱ्या कुणाला पडेना, म्हणून किल्ली परत आली.

मग चेन्नैच्या कुणा दिग्दर्शकाला अवदसा आठवली. त्यानं नव्या सिनेमात चोक्कलिंगमची अंगाई घातली, आणि घातली कुठे, तर नायक कोयत्यानं माणसं कापत सुटतो तिथे. गाणं बाळाला झोपवायचं आणि पडद्यावर मुडदे. पोरं वेडी झाली. बघता बघता म्हातारा पुन्हा देव झाला, त्याच्या तोंडाचे टी-शर्ट निघाले, आणि कुणीतरी शोध लावला की ही अंगाई एका बसमध्ये अजून जुन्या कॅसेटवर वाजते. मग काय विचारता! मदुरैची पोरं पहाटे मोटारसायकलवरून वत्तलगुंडूला यायची, आमच्या गाडीतून मदुरैला जायची, आणि मोटारसायकल न्यायला पुन्हा वत्तलगुंडूला यायची. बासरी सुरू झाली की सगळी उभी राहून हवेत कोयते फिरवायची. एकानं तर मी तिकीट फाडत असताना माझ्याच गळ्यावर फिरवला. मालकांनी खूश होऊन गाडीच्या कपाळावर मायांडीचा हसरा फोटो लावला. मायांडी जन्मात तसा हसला नव्हता. ते दात दुसऱ्या कुणाचे तरी होते.

आणि बायका राहिल्या रस्त्यावर. टोपली ठेवायला सोडाच, पाय ठेवायला जागा नाही. मोगऱ्याची कळी मिटलेली असतानाच बाजारात पोचली तर तिला मोल, उमललेलं फूल कोण घेतो? एका सकाळी पेच्चियम्मानं खिडकीतून अख्खी टोपली मायांडीच्या मांडीवर उपडी केली. सगळी फुलं आदल्या दिवशीची, उमलून पिवळी पडलेली.

"तंबी, माझ्या भावा," ती म्हणाली, "तुझ्या चोक्कलिंगमला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा आम्ही ऐकलं त्याला. आता त्याचे दिवस आले, तर आम्ही चालत जायचं का?"

मांडीवर फुलं तशीच ठेवून मायांडीनं गाडी मदुरैला नेली. मला त्याचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः गाडीत होते, फोटोला हार घालायला आलेले. मायांडीनं कॅसेट काढली, दहीभाताच्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि गाडी सुरू केली. पोरांनी आधी विचारलं, मग आरडाओरडा केला, मग हात जोडले. मी म्हटलं, ही गाडी मदुरैला जाते, तिला दुसरं काही येत नाही. पेच्चियम्माचं गाव येईपर्यंत एकूण एक पोरगं उतरून गेलं, आणि बायका टोपल्यांसकट आत आल्या.

मालक लाल झाले होते. "गाणं लाव, नाहीतर मदुरैला किल्ली दे. या खेपेला ती परत मिळायची नाही."

मायांडी म्हणाला, देतो.

गाडी मुकी चालली होती. आमचं इंजिन एवढं खोकतं हे मला त्या दिवशी कळलं. निलकोट्टै मागे पडलं, चिंच दिसायला लागली, मी सवयीनं शिट्टी मारली. मायांडीनं ब्रेक दाबला नाही. पाटी गेली, बकरी गेली. त्याची मान हळूहळू डोलत होती. मागे बघतो तर साऱ्या बायकांच्या माना टोपल्यांवर तशाच डोलत होत्या.

मालक ताडकन उठले. "अरे, थांबा गेला! आता तर गाणंही नाही, मग हा थांबत का नाही?"

पेच्चियम्मानं सदरा धरून त्यांना खाली बसवलं. "गप बसा मालक. बासरी चालू आहे."

पंपघरापाशी माझी मान थांबली, आणि गाडीही.

मदुरैला पोचलो तेव्हा कळ्या मिटलेल्या होत्या. मायांडीनं किल्ली मालकांच्या हातात दिली आणि डब्याची पिशवी घेऊन उतरला. पोरं आता येत नाहीत, त्यांना दुसरा कुणी म्हातारा सापडला. बायकांना जागा मिळते. मला मात्र करमत नाही. मालकांनी गिअरबॉक्सच बदलून घेतला, आणि नवा ड्रायव्हर नियमाचा पक्का आहे. करट्टुपट्टीला तो बरोबर पाटीपाशी थांबतो, आणि बकरी आमच्याकडे बघत राहते.