आरपार दगड

भांडुपच्या टेकडीवर बाबांचं घर वरच्या अंगाला आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे काकांचं, खालच्या अंगाला. दोन अंगणांच्या मध्ये गडगा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. दोघं गिरणीत कामाला होते तेव्हा सुट्टीच्या दिवसांत त्यांनीच तो उभा केला होता. जागा सपाट करताना निघालेला काळा दगड आणि कोकणात लहानपणी हाताखालून गेलेलं काम, एवढ्या भांडवलावर. गेल्या पावसाळ्यात फणस उन्मळून त्यावर पडला आणि गडगा कोसळला.

एरवी दोघांनी तो लगेच उभा केला असता. पण चुलतभावाच्या लग्नात कुणाचा तरी मान करायचा राहिला, यावरून दोघांत अबोला होता. चूक कुणाची हे मला आजही समजलेलं नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. काकूच्या हातच्या घावण्यांना मी मात्र उगाच मुकले होते.

मी मुलुंडहून रविवारी जायचे. म्हटलं, "बाबा, ब्लॉकची भिंत घालून टाकू ना. कटकट नको."

"आणि पाणी खंय जातला?" बाबा माझ्यावरच खेकसले.

टेकडीचं पाणी आमच्या अंगणात उतरतं आणि गडग्याच्या फटीफटींतून पसरून, झिरपत खाली जातं. ब्लॉकच्या भिंतीत पाइप ठेवावा लागला असता आणि त्याची धार थेट काकूच्या स्वयंपाकघराच्या दारात पडली असती. भावाशी बोलायचं नाही, पण त्याच्या दाराची काळजी मात्र करायची! असं हे माझं माहेर.

बाबांनी काम सुरू केलं आणि मी बघतच राहिले. मला जिथे नुसता ढीग दिसायचा तिथे त्यांना प्रत्येक दगडाची जागा दिसायची. दगड हातात फिरवायचे, त्याची चांगली बाजू बाहेर काढायचे, नडणारा कोपरा हातोडीने उडवायचे. मोठे दगड तळाला. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही. दगड जरा जरी डुगडुगला तरी खाली दगडाची बारीक चीप ठोकायची. ब्लॉकची भिंत पडली असती तर गोण्या भरभरून डेब्रिस उचलावं लागलं असतं. इथे पडलेला दगड न् दगड पुन्हा कामाला येत होता. मला त्या दगडाचं फार कौतुक वाटलं, आणि बाबांचंही.

पण गडग्याला दोन तोंडं असतात. एक आमच्याकडे, एक काकांकडे, मध्ये बारीक दगडांची भर. काकांच्या अंगणात पाय ठेवायचा नाही हा बाबांचा हट्ट. त्यामुळे फक्त आमचं तोंड वर आलं, गुडघ्याएवढं, आणि अडलं. पलीकडून उघडंच, आणखी चढवलं असतं तर ढासळलं असतं. बाबा पायरीवर बसून राहिले. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. दोघांची वयं झालेली. हा अबोला घेऊनच दोघांपैकी एक जण जाईल, असं मला वाटायला लागलं होतं.

पुढच्या रविवारी गेले तर पलीकडून हातोडीचा आवाज. काका वाकून बसलेले आणि त्यांच्या बाजूचं तोंड आमच्याएवढं वर आलेलं. शब्द मात्र नाही. पोस्टमनचं काम माझ्याकडे आलं.

"तेका सांग, मधी भर कमी पडली हा," बाबा म्हणाले. काका दोनच हातांच्या अंतरावर होते.

"काका, भर कमी पडलीय."

"आयकलंय," काका म्हणाले.

मग लांब दगडाची वेळ आली. ठरावीक अंतरावर असा एक दगड आडवा घालावा लागतो, दोन्ही तोंडांतून आरपार जाणारा. तो दोन्ही बाजूंना बांधून ठेवतो, नाहीतर गडगा पोट काढतो, मधून फुगून ढासळतो. एक टोक बाबांनी धरलं, दुसरं काकांनी. दगड हेलकावत खाली आला आणि बाबांची बोटं अजून त्याच्याखाली.

"हात काड रे!" काका केवढ्यानं तरी ओरडले.

"काडलंय," बाबा म्हणाले.

दगड बसला. दोघं त्याच्याकडे बघत उभे. मग काका म्हणाले, "जरा तुझ्याकडे घे." बाबांनी घेतला. मला रडू आवरेना, मी आत निघून गेले.

यंदाच्या पावसात पाणी गडग्यातून शहाण्यासारखं झिरपून गेलं आणि काकूचं स्वयंपाकघर कोरडं राहिलं. घावणे मी तिथेच बसून खाल्ले. गवंडीकाम करणारे एक शेजारी गडगा बघून म्हणाले, "काम झकास. पण एवढे लांब दगड कशाला घातले? अर्ध्यांत भागलं असतं."

"ऱ्हवांदे," बाबा म्हणाले.

मी बघितलं होतं ना. त्या दिवसानंतर दोघं भाऊ ढिगातून एकेक लांब दगड हुडकून बाजूला काढत होते. लांब दगड एकट्याला उचलवत नाही, हे त्या शेजाऱ्याच्या लक्षात आलं नाही.