धुक्यात केलेलं वार्निश

कोट बघावेत हेडलीच्या हातचे आणि चेहरे एनिडच्या हातचे, असं नॉटिंगहॅमजवळच्या बुलवेलमधली, टेबलावर शिशाच्या शिपायांची लढाई खेळणारी मंडळी म्हणायची. हेडली ओल्डरशॉला त्यात कमीपणा वाटत नसे. खरं ते खरं.

शिपाई केवढा, तर अंगठ्याच्या पेराएवढा. शिशाचा. त्याला कोट, पट्टा, मोजे, कोटाच्या बाहीची वेगळी किनार. हेडलीचा जन्म सायकलच्या कारखान्यात गेला. सायकलच्या नळीवर ती सोनेरी रेघ असते ना, ती तिथं हातानं मारायचे, ब्रश न उचलता, एका दमात. तोच हात घरी आला की शिपायांवर चालायचा. पाठीवरच्या पट्ट्याची रेघ अशी मारायचा की भिंग लावून बघावं. पण चेहऱ्याकडे वळला की घात व्हायचा. त्यानं काढलेले डोळे असे दिसायचे, जसं कुणी मागून टाचणी टोचलीय.

त्याचा दोस्त व्हर्नन स्टॅनिफर्थ. जन्मभर बस चालवली, तोंडाला ब्रेक नाही. दर गुरुवारी चॅपलच्या सभागृहात, टेबलावर दोघांची लढाई. हेडली राजाच्या बाजूचा, व्हर्नन पार्लमेंटच्या. नॉटिंगहॅममध्ये हे भांडण जुनंच आहे. सतराव्या शतकात राजा पार्लमेंटशी लढायला उठला, तेव्हा त्यानं झेंडा रोवला तो याच गावात, आणि वाऱ्यानं तो आडवा केला तोही इथंच. तर एका गुरुवारी व्हर्नननं हेडलीचा शिपाई उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "हेडल्या, यांना माझ्या तोफा दिसल्यात की तुझी सासू?"

सासू म्हणजे हेडलीच्या बायकोची, एनिडची आई. आणि एनिड तिथंच चहा ओतत उभी.

"आण इकडं तो," ती म्हणाली. "माझ्या आईला लढाईत ओढायचं नाही. तिला ओढलं तर तुम्ही दोघंही हराल."

एनिड लेसच्या गिरणीत फाटकी जाळी सांधायला होती. जाळीतला एक धागा चुकला तरी तिला लांबून दिसायचा. तिनं ब्रश जिभेवर फिरवून टोक काढलं, आधी डोळा घातला, मग डोळ्याभोवती चेहरा बसवला. बघतात तर काय, शिपाई समोर बघतोय. नुसता बघत नाही, कुणासारखा तरी बघतोय. व्हर्नन म्हणाला, "अरे, हा तर आपला खाटीक!"

तिथून पुढं सगळे चेहरे तिचे. आणि ती नुसते चेहरे काढायची नाही, माणसं काढायची. चॅपलचे पाद्रीबुवा, कोपऱ्यावरची पाववाली, व्हर्ननशी भांडलेला बसचा तपासनीस. गेलेली माणसंसुद्धा तिच्या पलटणीत भाला घेऊन उभी राहायची. आणि प्रत्येक पलटणीत एक हेडली असायचा. कोणता, ते सांगायची नाही. हेडलीनं भिंग घेऊन स्वतःला शोधायचं.

"हा मी?"

"छे! तो देखणा आहे."

"मग हा?"

"त्याला अजून केस आहेत, बदका."

एकमेकांना बदक म्हणायची रीतच तिकडची. नवरा बायकोला म्हणतो, दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो. एनिडच्या तोंडी मात्र त्याला एक खट्याळ गोडी होती. सापडला की ती म्हणायची, "बरोबर, तो तू. बघ, मोजे खाली घसरलेत."

शेवटची पलटण भालेवाल्यांची. लाल कोट. तिनं शेवटचा चेहरा पुरा केला, ब्रश धुऊन पेल्यात उभा केला, रात्री भिजवलेले वाटाणे शिजत टाकायला उठली आणि चुलीपाशीच खाली बसली. बसली ती बसलीच. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणं गेलं.

सगळं बोलणं गेलं असं नाही. एक शब्द राहिला, "हो".

चहा हवा? हो. कॉफी हवी? हो. दुखतंय का गं? हो. नाही ना दुखत? हो. बोलायला शिकवणारी बाई यायची, ती म्हणाली, "आत सगळे शब्द शाबूत आहेत, बाहेर यायला दार तेवढं एकच राहिलंय." हेडलीला हे कळलं. पण कळून करायचं काय? चहाही करायचा आणि कॉफीही, आणि ती कोणत्या कपाकडे हात नेते ते बघत बसायचं.

पलंग खाली पुढच्या खोलीत आला. हेडलीला घर सोडून जाता येईना, म्हणून गुरुवारची लढाईही चॅपलच्या सभागृहातून तिथंच आली. शेकोटीच्या वरच्या फळीवर ती शेवटची पलटण उभी होती, वार्निश न केलेली. आणि वार्निश झाल्याशिवाय शिपायाला हात लावायचा नाही, हा या लोकांचा पहिला नियम. बोटाच्या घामानं रंग जातो. नव्या पोराला आधी हे शिकवतात, फासे टाकणं मग.

एनिडला कोण नियम सांगणार? तिची खुर्ची शेकोटीजवळ. डावा हात उचलायची, एक शिपाई घ्यायची आणि दिवसभर मुठीत धरून बसायची. दुसऱ्या कशासाठी तिचा हात आपणहून पुढं यायचा नाही. चमच्यासाठीही नाही. हेडलीनं एकदा पलटण वरच्या कपाटात ठेवली. ती दिवसभर कपाटाकडे बघत राहिली आणि घासाला तोंड उघडलं नाही. संध्याकाळी त्यानं निमूट पलटण खाली आणली.

पण रंग झिजत चालला. एकाच्या टोपाची कड शिशापर्यंत गेली. एका बिचाऱ्याचं नाक घासून चकाकायला लागलं. हेडली रोज भिंग लावून झिजलेले मोजायचा. या पलटणीत आपण कोण, ते त्याला अजून सापडलं नव्हतं. विचारून झालं होतं म्हणा. एकेक समोर धरला होता. "हा मी?" हो. "हा?" हो. "मग हा गं?" हो.

व्हर्ननला तो म्हणाला, "वार्निश मारून टाकतो."

"नोव्हेंबरात? या ओल्या हवेत? डोकं फिरलं का? मार्चपर्यंत थांब."

"मार्चपर्यंत यांना नाकं राहतील का?"

व्हर्नन फळीपाशी गेला आणि भिंगातून एकेक नाक बघून आला.

घरात मारावं, तर वार्निशच्या फवाऱ्याचा वास एनिडच्या छातीला सोसत नव्हता. बाहेर मारावं, तर लीन नदीवरून धुकं यायचं आणि मुक्काम ठोकायचं. हेडलीला मोकळा वेळ मिळायचा तो सकाळी आंघोळ घालणारी बाई यायची तेवढाच. रोज तो मागच्या दारातून आभाळ बघायचा, शेतकऱ्यानं बघावं तसा. एका गुरुवारी भिंतीवर जरासं ऊन आल्यासारखं वाटलं. वाटलं म्हणजे वाटून घेतलं. त्यानं फवाऱ्याचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट केला, चांगला हलवला. पलटण फळकुटावर घेतली, परसातल्या खोपटात नेली. हात लांब धरून, थांबत थांबत, हलक्या हातानं मारलं. काही चुकलं नाही. हवा सोडून.

आत येऊन त्यानं चहा घेतला. बाईनं एनिडचे केस विंचरले होते. "बघ, किती छान दिसतेस," बाई म्हणाली. "हो," एनिड म्हणाली. तेवढं उत्तर बरोबर आलं म्हणून हेडलीला हसू आलं. मग तो पलटण आणायला गेला.

पलटण पांढरी झाली होती.

जशी कुणी पिठाच्या गोणीत बुडवून काढलीय. कोट पांढरे, भाले पांढरे, चेहऱ्यांवर साय धरलेली. कोण खाटीक आणि कोण पाद्री, काही कळेना. ओल वार्निशात शिरली की असं होतं. आणि हे त्याला माहीत नव्हतं का? चॅपलमधल्या कितीक पोरांना त्यानंच दटावलं होतं, "धुकं बघून डबा हातात घेतलास तर बोटं मोडीन." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात. इथं पाषाण ओला होता, एवढाच फरक.

तो खोपटात उभा राहिला. त्यानं एकावर फुंकर मारली, जशी काही धूळच आहे. मग त्याचं त्यालाच ते वेड्यासारखं वाटलं.

दुपारी व्हर्नन आला, बटाट्याचे गरम तळलेले चिप्स आणि पुदिन्याचं पाणी घातलेले वाटाणे कागदात बांधून. दारातूनच ओरडत आला, "राजेसाहेब, आज शरण येणार की मार खाऊन येणार?" आणि टेबलावर त्याला पलटण दिसली. त्यानं कागद खाली ठेवला. टोपी काढली.

"थंडी भरलीय होय त्यांना," तो म्हणाला. "काय मारलंस?"

"नेहमीचंच. मरू दे ते. आता करू काय, ते सांग."

"उन्हाळा आला की त्यावर पुन्हा एक हात मारायचा. कधी कधी निवळतं."

"कधी कधी?"

"कधी कधी नाही निवळत. चकाकतं वार्निश ब्रशनं लावतात काहीजण. माझ्या एका तोफेला लागू पडलं होतं."

"आणि दुसरीला?"

"दुसरीचं नको विचारू."

नाक झिजलेला शिपाई हेडलीनं बाजूला काढला. एक जाईल तर तो जावा. चकाकतं वार्निश त्यानं पाठीवर लावलं, आणि खरंच, लाल कोट धुक्यातून बाहेर आला. व्हर्नन पुटपुटला, "आला, आला." मग हेडली पुढं गेला. गळा, हनुवटी. चेहऱ्यावर ब्रश टेकला आणि उचलला, तेव्हा ब्रशच्या टोकाला दोन काळे ठिपके होते. डोळे. एनिडचा रंग बोटांनी आधीच सैल झालेला. तो निघून आला.

हेडलीनं ब्रश खाली ठेवला. पुसलाही नाही.

"बाकीच्यांचं तसं होईलच असं नाही," व्हर्नन म्हणाला.

"होणार नाही असंही नाही."

"मग तिलाच विचार ना. चेहरे तिचे आहेत."

हेडलीनं त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी उठून गेला असता. पण मग खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला. काय सांगायचं, माणूस बुडताना काडीलाही धरतो.

"एनिड, मी तुझी पलटण बिघडवली गं. धुक्यात मारलं. लावून बघू का दुसरं वार्निश? चेहरे वर येतील कदाचित. कदाचित डोळे जातील."

"हो," एनिड म्हणाली.

"की राहू दे असेच? चेहरे आत तरी राहतील."

"हो."

"लावू?"

"हो."

"नको लावू?"

"हो." तिचे डोळे भरले, कारण आपण काय बोलतोय ते तिला ऐकू येत होतं. तिनं मान हलवली, पण ती कशासाठी हलवली ते कुणाला कळणार? तिनं डावा हात पुढं केला.

हेडलीनं त्यावर एक पांढरा शिपाई ठेवला. तिनं तो फिरवून बघितला. मग अंगठा जिभेवर फिरवला, ब्रशचं टोक काढायची तसाच, आणि शिपायाच्या तोंडावरून ओढला, शाळेत निघालेल्या पोराचं तोंड आया पुसतात तसा.

चेहरा वर आला. लालबुंद गाल, रागीट भुवया.

"तपासनीस!" व्हर्नन ओरडला. "तो हरामखोर! काय दिसतोय बघ!" आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जन्मभर ज्या माणसाला शिव्या दिल्या, त्याला बघून.

थुंकी सुकली. चेहरा पुन्हा पांढरा झाला. एनिडनं पुन्हा अंगठा ओला केला.

हेडली उठला. तिचा ब्रश त्याच पेल्यात उभा होता, झटक्याच्या दिवसापासून. पेल्यात त्यानं साधं पाणी घेतलं. पलटण तिच्या मांडीवरच्या फळकुटावर उभी केली आणि एका टोकापासून सुरुवात केली. घासायचं नाही, नुसता थेंब टेकवायचा. पाववाली आली. पाद्रीबुवा आले. एनिडची आई आली, भाला घेऊन. शेवटी तिला लढाईत आणलंच होतं. प्रत्येकजण क्षणभर खोलीत बघायचा.

"हा मी?" हेडलीनं विचारलं.

"हो."

"हा?"

"हो."

"ए बदका, खरं सांग. हा?"

"हो," एनिड म्हणाली.

व्हर्नन वाकून बघत होता, टोपी छातीशी धरून. चिप्स कागदात गार झाले होते. हेडली दुसऱ्या टोकाला पोचला तोवर पहिले पांढरे झाले होते. त्यानं ब्रश पाण्यात बुडवला आणि पुन्हा पाववालीपासून सुरुवात केली.