यादीतलं चौथं नाव

पाय बरा झाल्यावरही सात महिने मी रुथआक्काच्या पायासाठी दर रविवारी प्रार्थना करत होतो. तो बरा झाल्याचं तिला माहीत होतं, प्रभूला माहीत होतं. फक्त प्रार्थना करणाऱ्याला माहीत नव्हतं.

बेळगावातल्या आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत आजाऱ्यांची यादी वाचायचं काम माझ्याकडे. मी निवृत्त कारकून. यादी दिसली की गळा आपोआप मोकळा होतो. आक्काचं नाव चौथं. "आमची भगिनी रुथ, तिच्या दुखऱ्या पायाला तुझा स्पर्श होवो," म्हणताना माझा आवाज असा काही कापायचा की पुढच्या बाकावरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. यादीत नाव आहे म्हणजे कुणीतरी जाऊन आलंच असणार, असं प्रत्येकाला वाटे. मलाही.

आक्का शहराबाहेर, खानापूर रस्त्यावरच्या मच्छे गावात एकटी राहायची. पडून पाय दुखावण्याआधी सिटी बसने चर्चला यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची. (ते मला कसं दिसलं, हे विचारू नका.) एकदा टोकलं, तर म्हणाली, "डोळं झाकलं की शेजारी कोण रडतंय दिसत न्हाय रं." मला तो तिचा अडाणीपणा वाटला.

मग एका शनिवारी खानापूरहून येताना माझी स्कूटर पंक्चर झाली, नेमकी तिच्या दारासमोर. आक्का दोन्ही हातांत पाण्याच्या कळश्या घेऊन पायरी चढत होती.

"आक्का, पाय?"

"दोन्ही हाईत."

"बरा कधी झाला?"

"दिवाळीच्या आधी." आंबे संपत आले होते.

"मग चर्चला का आली नाहीस?"

कळश्या खाली ठेवत ती म्हणाली, "शेजारच्या मंगलच्या मोबाइलवर चर्चचं लाइव्ह लागतंय, त्यात ऐकती की तुझी प्रार्थना. लई छान. मंगल तर रडती. दर रविवारी तू प्रभूला इचारतोस, रुथ कशी हाय. म्हटलं, मला कवा इचारतोस बघूया."

चहाला तिने फळीवरचा पालथा कप काढला. माझ्याकडे पाठ करून तो कितीतरी वेळ धुतला. धूळ मला दिसू नये म्हणून असावं.

पुढच्या रविवारी ती चर्चला आली, आणि दर शनिवारी मी मच्छेला जाऊ लागलो. मनात म्हटलं, चला, या वयात का होईना, आपली आत्मिक वाढ सुरू झाली. एकाकी म्हातारीला सोबत देतोय, केवढी ही सेवा! बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा बेंगळुरूला, घरात बोलणारा फक्त टीव्ही. पण हे मी आक्काला कधी सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायचो. एकदा आमेन म्हणून डोळे उघडले, तर ती माझ्याकडेच बघत होती.

"सकाळी जेवलास का रं?"

नव्हतो जेवलो. तिने ताट पुढे सरकवलं. "प्रार्थना कुठं पळून जात न्हाय. भाकरी गार होती."

गेल्या पावसाळ्यात आक्का झोपेतच गेली. पुरताना माझ्याकडे प्रार्थना होती. चार वाक्यांत संपली. आवाज खरोखरच कापला, तर पुढचं सुचेना.

नंतरच्या शनिवारी पाय सवयीने मच्छेला घेऊन गेले. दाराला कुलूप. मी पायरीवर बसलो.

शेजारच्या अंगणातून मंगल म्हणाली, "अण्णा, आत कोण न्हाय."

"माहीत आहे."

"आक्का सांगून गेलीया मला. म्हणायची, दानिएलला वाटतंय, तो माझ्यासाठी येतोय. वाटू दे. त्याच्या घरात बोलाय कोण न्हाय. मी गेल्यावर शनिवारचा चहा तू दे त्याला."

कुणाच्या यादीत कुणाचं नाव होतं, हे मला कळायला तिचं दार बंद व्हावं लागलं.

"उठा, या आत," मंगल म्हणाली. "पर ते डोळं झाकून लांबडं बोलणं नको. आक्का बिचारी ऐकून घ्यायची. मला म्हशीस्नी पाणी पाजायचं हाय."